आत म्हणणाऱ्याला शपथ नसते

कोल्हापूर,
२७ जुलै २०२४

सौंदर्या,

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं न्हाय. तू मला फोनवर ब्लॉक करून दोन वर्षं झाली. तुझ्या नवऱ्याला, वीरेशरावांना, लावला तर ते "क्रांतीताई, मला यात ओढू नका" म्हणून ठेवून देतात. मग राहिलं काय, पोस्ट. पाकीट मागितलं तर खिडकीतला माणूस म्हणाला, "ताई, कुणावर केस घातलीय काय?" आपल्याकडं माणूस पत्र लिहितो म्हणजे एक तर भांडतो, न्हायतर मेलेलं कळवतो.

काम असं हाय. २९ ऑगस्टला क्रीडा दिन. आपल्या कॉलेजनं मला प्रमुख पाहुणी म्हणून बोलावलंय. हसू नकोस. जिला लायब्ररीत शिरू देत नव्हते तिला आता शाल-नारळ देणार. विषय दिलाय 'टेनिसने मला काय शिकवले', वेळ अर्धा तास. खरं बघितलं तर टेनिसनं मला दोनच गोष्टी शिकवल्या. हरल्यावर रॅकेटच्या तारांकडं बघायचं आणि जिंकल्यावर काय झालंच न्हाय असं तोंड करायचं. एवढ्यावर अर्धा तास कसा काढू?

आकाराम सर रिटायर होणारेत, त्यांचा पण सत्कार हाय. कुस्तीतला गडी, कॉलेजनं टेनिसच्या चार पोरी गळ्यात बांधल्या त्याच्या. पहिले दोन महिने चेंडू दाखवला न्हाय, नुसत्या बैठका. बॅकहँड शिकवताना म्हणाले होते, "धोबीपछाड मारतीस तसं घे, फक्त माणूस सोडून दे." आजपण मी बॅकहँडला वळले की लोक बाजूला होतात.

आपल्या फायनलची गोष्ट मी सांगणारच हाय, लोकांना तीच लागते. शाळेत पीटीचे तास आणि गावभर भाषणं, असं माझं चाललंय. बचत गटात सांगितली, शिक्षकांच्या शिबिरात सांगितली, एका दूध संस्थेच्या वर्धापनदिनाला सांगितली तर चेअरमन रडला. तू पण ये. दोघी स्टेजवर उभ्या राहू, जुनं मिटवून टाकू. अकरा वर्षं झाली की.

तुझी डबल्सची जोडीदार,
क्रांती

कबनूर,
३ ऑगस्ट २०२४

क्रांती,

पत्र मिळालं. पहिल्यांदा सासूबाईंनी वाचलं, मग वीरेशनं, मग कारखान्यातल्या दिवाणजीनं, शेवटी मी. शांतव्वा, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "हीच का ती खरं बोलणारी?" व्हय म्हटलं, हीच ती.

तू जी गोष्ट गावभर सांगत फिरतीस ती मी बघितलीय. दोन वर्षांमागं वीरेशच्या भावकीच्या ग्रुपवर तुझा व्हिडिओ आला. त्यात तू म्हणतीस, "मॅच पॉइंट समोरच्यांचा. चेंडू आमच्या हद्दीत पडला. पंच नव्हता, अशा वेळी ज्याच्या हद्दीत चेंडू पडतो त्यानंच सांगायचं असतं, आत का बाहेर. माझी जोडीदार ओरडली, आऊट. पण माझं मन मला खायला लागलं. मी हात वर करून म्हटलं, न्हाय, चेंडू आत हाय. मॅच गेली, पण मी स्वतःला जिंकलं." आणि टाळ्या. माझं नाव घेतलं न्हाईस, केवढं मोठं मन. फक्त मागं पडद्यावर आपल्या दोघींचा फोटो लावलास. भावकीतल्या समद्या बायकांनी बोटांनी मोठा करून बघितला. त्याच दिवशी तुला ब्लॉक केलं.

भाषणाला मुद्दे पायजेत ना, घे. टेनिसमधी पहिली सर्व्हिस चुकली तर दुसरी मिळते, सासरी मिळत न्हाय. दोघींच्या मधनं चेंडू जातो आणि दोघी एकमेकीला "तुझा होता" म्हणतात, त्याला संसार म्हणतात. आमच्याकडं गॅसचं बटण रोज तसंच उघडं राहतं. आणि डबल्समधी मागं उभी राहणारी सगळं बघते, टाळ्या मात्र नेटजवळच्या बाईला मिळतात. हे शेवटचं तू नको सांगू, तुला जमणार न्हाय.

आता मी एकच विचारते. स्टेजवर न्हाय, मला पत्रात सांग. तुला तो चेंडू दिसलता?

सौंदर्या

कोल्हापूर,
८ ऑगस्ट २०२४

सौंदर्या,

किती तिरकी गं तू. फोटो लावायला नको होता, चुकलं, कान धरते. दुसरा फोटोच नव्हता माझ्याकडं, बाकी सगळ्यात माझे डोळे मिटलेत.

आता चेंडूचं. मी आत म्हटलं म्हणजे दिसला असणारच की. हरायची कुणाला हौस असते व्हय? तुला तेव्हा जिंकायची घाई होती, घाईत माणसाला आपल्या सोयीचं दिसतं. मी समजू शकते. मी तुला कधी खोटारडी म्हटलेलं न्हाय. मी भाषणात म्हणते, "माझी जोडीदार चुकली." चुकणं वेगळं, खोटं बोलणं वेगळं.

आणि तुझं वाईट काय झालं गं त्यात? घर हाय, चोवीस माग हायेत, नवरा देवमाणूस. माझ्याकडं बघ. साठ पोरांना 'सावधान, विश्राम' करत उन्हात उभी असते, त्यातली निम्मी चक्कर येऊन पडतात आणि आया मला फोन करतात. तुझ्यासारखं नशीब असतं तर मी अकरा वर्षांमागचे चेंडू मोजत बसले नसते.

२९ला ये. पायजे तर फोटो काढून टाकते.

क्रांती

कबनूर,
१४ ऑगस्ट २०२४

क्रांती,

चोवीस न्हायत, सोळा. आणि ते सासऱ्यांचे.

माझं काय वाईट झालं ते आज सांगते, सांगितल्याशिवाय तुला कळायचं न्हाय. जिंकणारी जोडी विद्यापीठाच्या संघात जाणार होती. आमच्या अप्पांनी गडहिंग्लजहून निरोप धाडला होता, संघात गेलीस तर पुढं शिक, न्हायतर कबनूरचं स्थळ आलंय. डिसेंबरात मॅच, फेब्रुवारीत माझा साखरपुडा. वीरेश चांगला निघाला हे माझं नशीब, तुझी कृपा न्हाय. आपण मॅच जिंकलीच असती असं पण मी म्हणत न्हाय. एक पॉइंट वाचला असता, पुढचा खेळायला मिळाला असता. तेवढाच माझा राहिलाय.

सहा वर्षं झाली, मी कारखान्याच्या मागच्या अंगणात पोरींना टेनिस शिकवते. मागाला सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायकांच्या पोरी हायेत. लाईट गेली, माग थांबले की पोरी मोकळ्या. नेट म्हणून आम्ही डाग पडलेल्या कापडाचा तागा बांधतो. त्यातली प्रियदर्शनी यंदा राज्यपातळीवर खेळून आली. शांतव्वांनी तिची दृष्ट काढली आणि मग मला म्हणाल्या, "भांडी कोण घासणार?"

जुलैत आपल्या कॉलेजची जाहिरात आली. सर रिटायर होणार, टेनिसला प्रशिक्षक पायजे. अर्ज घेऊन गेलते. प्राचार्यांनी नाव वाचलं, चष्मा काढला, म्हणाले, "म्हणजे त्या फायनलला आऊट देणाऱ्या तुम्हीच. बाकी सगळं ठीक आहे हो, पण मुलींना आधी खरेपणा शिकवावा लागतो." मुलाखत ४ सप्टेंबरला हाय. तू २९ला त्याच माणसाच्या शेजारी बसून तीच गोष्ट सांगणार आणि सहा दिवसांनी मी त्याच माणसासमोर बसणार. कळलं का आता, मी चेंडू कशाला मोजते?

तो चार बोटं बाहेर होता. मी त्याच्यावर वाकून उभी होते. तू उगं शहाणपण शिकवू नकोस, तुला काय दिसलं तेवढं सांग.

सौंदर्या

कोल्हापूर,
२० ऑगस्ट २०२४

सौंदर्या,

तीन कागद फाडले, हा चौथा.

चेंडू मला दिसला न्हाय.

त्या दिवशी आबा पहिल्यांदा माझी मॅच बघायला पेठ वडगावहून आलते. कुस्तीच्या मैदानाला यावं तसा फेटा बांधून. सरांना दर दोन मिनिटांनी विचारत होते, "चितपट कवा होणार?" साडेपाच वाजले. मॅच पॉइंट. मी नेटजवळ, चेंडू माझ्या डोक्यावरनं मागं गेला. मी वळले, आणि बघते तर आबा उठून गेटकडं चाललेत. म्हशीची धार काढायची वेळ झाली म्हणून. माझ्या जन्मातला सगळ्यात मोठा पॉइंट चाललाय आणि बाप म्हशीकडं चाललाय. मी त्यांच्या पाठीकडं बघत राहिले. तू आऊट ओरडलीस तेव्हा माझं ध्यान सुद्धा नव्हतं.

मग समोरच्या जोडीतली ती जयसिंगपूरची निशिगंधा नेटपाशी आली. तिचा तुझ्यावर विश्वास बसेना. कोर्ट सिमेंटचं, ठसा उमटत न्हाय. ती मला म्हणाली, "तू वडगावची ना? जोतिबा तुमचा कुलस्वामी. घे जोतिबाची शपथ, चेंडू बाहेर होता म्हणून." आता सांग, न बघितलेल्या चेंडूवर जोतिबाची शपथ कशी घेऊ? आमच्या थोरल्या चुलत्यांनी बांधाच्या भांडणात खोटी शपथ घेतली आणि आठवड्यात त्यांचं तोंड वाकडं झालं, हे ऐकत वाढलेली मी. "दिसला न्हाय" म्हणावं तर सर समद्यांसमोर विचारणार, मॅच पॉइंटला बघत काय होतीस? आबांचं नाव कसं सांगू? तेवढ्यात मला सुचलं, आत म्हणणाऱ्याला कुणी शपथ घालत न्हाय. आपणहून पॉइंट सोडणाऱ्यावर कोण संशय घेईल? म्हटलं, आत. नियमच हाय, जोडीत दोघींचं जमलं न्हाय की पॉइंट समोरच्यांचा.

मला वाटलं, संपलं. कसलं संपतंय. सरांनी गुलाल मागवला. हरलेल्या पोरीला गुलाल लावणारं गाव आपलंच. पेपरात आलं, कॉलेजनं खेळभावनेचा चषक दिला. एकदा चषक घरात आल्यावर "मला दिसला नव्हता" कधी म्हणायचं असतं? गोष्ट चाळीसेक वेळा सांगितली असेल. विसाव्या वेळेपासून मला चेंडू दिसायलाच लागला. रेषेवर पडलेला, चुना उडालेला. आपल्या कोर्टावर चुना नव्हताच गं, पिवळा ऑइलपेंट होता.

मागच्या पत्रात तुला मीच शहाणपण शिकवलं, त्याची मला लाज वाटते. पण भीती त्याहून जास्त वाटते. स्टेजवर हे बोलले तर शाळेत तोंड कुठं दाखवू? आबा पुढच्या रांगेत बसणार हायेत. तू सांग मी काय करू. तू म्हणशील तसं करते.

क्रांती

कबनूर,
२४ ऑगस्ट २०२४

क्रांती,

पत्र घेऊन मागाच्या खोलीत गेले आणि रडले. तिथं मागांच्या खडखडाटात कुणाला ऐकू येत न्हाय. अकरा वर्षं मला वाटत होतं, तुला तो आत दिसला. कधीकधी मला माझाच डोळा खोटा वाटायचा. अंथरुणात पडून मी चार बोटं परत परत मोजलीत.

काय करायचं ते मी सांगणार न्हाय. मी सांगितलं आणि तू बोललीस तर ते बोलणं माझं होईल. त्यापेक्षा तू गप बसलेली बरी.

मी २९ला येत न्हाय. पोरींची प्रॅक्टिस हाय.

सौंदर्या

कोल्हापूर,
३० ऑगस्ट २०२४

सौंदर्या,

सांगितलं.

पहिली दहा मिनिटं बैठका, धोबीपछाड असलं सगळं सांगून हसवलं. मॅच पॉइंटपर्यंत आले. पाणी प्याले. मग म्हटलं, "इथनं पुढं मी आजपर्यंत खोटं सांगत आले." आणि सगळं सांगितलं. आबा, म्हस, जोतिबा, गुलाल, चुना. काय ठेवलं न्हाय.

आकाराम सर मान खाली घालून. आणि प्राचार्य उठले, माईक घेतला आणि म्हणतात कसे, "केवढा हा प्रामाणिकपणा! अकरा वर्षांनी स्वतःची चूक कबूल करायला वाघाचं काळीज लागतं." टाळ्यांचा कडकडाट. पोरं उभी राहिली. अगं, मी खोटारडी हाय म्हणून सांगितलं तर त्यांनी मला आणखीनच खरी करून टाकली. दुसरा चषक आणतात काय म्हणून मी दाराकडं बघत होते. आणि तुझं नाव कुणाच्या तोंडात न्हाय.

मग मात्र माझं डोकं फिरलं. त्यांच्या हातातनं माईक काढून घेतला. म्हटलं, टाळ्या बंद करा. जी बघत होती तिला अकरा वर्षं खोटारडी म्हणताय आणि जी बघतच नव्हती तिला शाल घालताय, जरा तरी वाटू द्या. तेवढ्यात पुढच्या रांगेतनं आबा उठले. तुला माहितीय त्यांचा आवाज, माईक लागत न्हाय. म्हणाले, "पोरी, मग चेंडू पडला कुठं?"

मी म्हटलं, "मला काय म्हाईत आबा. सौंदर्याला इचारा. ती बघत हुती." आणि प्राचार्यांकडं वळून परत तेच म्हटलं. ४ तारखेला ती तुमच्यासमोर येणार हाय, तिला विचारा.

बाहेर आल्यावर सर म्हणाले, "पाठ टेकली का न्हाय हे जवळ असंल त्यालाच दिसतं. मी लांब बसून निकाल दिला." त्यांनी सत्काराचा हार पण स्वतःच्या गाडीतच टाकला. वडगावला जाताना आबा गाडीत म्हणाले, "धार अर्ध्या तासानं काढली असती तर म्हस काय मरणार हुती?" त्यावर मला इतकं रडू आलं की गाडी बाजूला घ्यावी लागली.

माफ कर असं लिहिणार होते. पण मागायला तोंड न्हाय माझ्याकडं. मुलाखतीचं कळव, न्हायतर कळवू नकोस, तुझी मर्जी.

क्रांती

कबनूर,
१३ ऑक्टोबर २०२४

क्रांती,

दीड महिना उत्तर दिलं न्हाय ते मुद्दाम. काल दसऱ्याला शांतव्वा म्हणाल्या, "सोनं वाटतीस जगाला आणि त्या पोरीला एक पत्र लिहवंना." म्हणून बसले. राग अजून हाय. पहिल्यापेक्षा कमी हाय.

मुलाखतीला तिघं होते. माझे कागद कुणी उघडले न्हाईत. प्राचार्यांनी एकच विचारलं, "मॅडम, चेंडू कुठं पडला होता?" क्रांती, इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं. अप्पांनी न्हाय, सरांनी न्हाय, वीरेशनं सुद्धा न्हाय. ज्यानं त्यानं मला तू काय म्हणालीस ते सांगितलं. मी खुर्चीतनं उठले, खाली बसले, फरशीची रेघ दाखवली, तिच्यापलीकडं चार बोटं ठेवली आणि म्हटलं, इथं. त्यातल्या एक बाई म्हणाल्या, याला साक्षीदार कोण? मी म्हटलं, एकच होती, ती बापाकडं बघत होती आणि बाप म्हशीकडं. तिघं हसले. मला हसू आलं न्हाय, चार बोटं मी तिथनं उचलली न्हाईत.

काम मिळालं. अकरा महिन्यांच्या करारावर. प्राचार्यांनी माफीबिफी मागितली न्हाय, कोर्टाच्या कुलपाची किल्ली दिली. ती घेऊन मी एकटीच कोर्टावर गेले आणि त्या कोपऱ्यात जाऊन उभी राहिले. ऑइलपेंट उडालाय आता. बरं वाटलं.

कॉलेजच्या पोरींना पहिल्या दिवशी एकच शिकवलं. दिसलं न्हाय तर दिसलं न्हाय म्हणायचं. पॉइंट जाईल, जाऊ दे, शेजारची खोटी पडत न्हाय. एकीनं विचारलं, "मॅडम, आणि बघत नसलो तर?" तिला मैदानाला दोन फेऱ्या मारायला लावल्या.

२० तारखेला रविवार हाय, सकाळी सातला कॉलेजवर ये. रॅकेट घेऊन ये. पोरींना डबल्सची मॅच खेळून दाखवायचीय. माझ्या बाजूला प्रियदर्शनी खेळेल. तुला शेजारी उभी करून घ्यायला अजून माझं मन धजत न्हाय, तू राग मानू नकोस. तू नेटच्या पलीकडं राहा. तुझ्या हद्दीत पडलेलं तू सांग, माझ्या हद्दीत पडलेलं मी सांगीन. पंच ठेवलेला न्हाय.

सौंदर्या